दट्ट्याची जाडी

तापीकाठच्या कंत्राटदाराच्या शेडमध्ये दिपमालानं वेल्डिंग करून जोडलेली पट्टी यंत्रात वाकायला लागली आणि अर्ध्यातच मधोमध उकलली. टक् असा बारीक आवाज झाला, एवढंच. पण बाजूला उभ्या असलेल्या वेल्डरांच्या घोळक्यातून कुणीतरी म्हणालं, "भाकरीसारखी मोडली रे!" आणि सगळे हसले.

दिपमालानं तोंडावरचा रुमाल सोडला, मानेवरचा घाम पुसला आणि पट्टी मागितली. हितेंद्र साहेबांनी ती तिच्या हातात दिली. साहेब वयानं तिच्याएवढेच होते. ते हसले नव्हते.

"ताई, वरून तुमचा जोड सुरेख दिसतो. पण हे पाण्याच्या दाबाचं काम आहे. पट्टी वाकवून पाहिल्याशिवाय मला कुणाला घेता येत नाही. दिवाळीनंतर पुन्हा टेस्ट आहे. या तेव्हा."

तिचा सासरा झुलाल दाराबाहेर उभा होता. आत फक्त टेस्ट देणाऱ्यांनाच सोडत होते. पत्र्याच्या फटीतून त्याला ते यंत्र दिसत होतं. उभी जाड चौकट, वर दोन लोखंडी रूळ, खाली जॅक आणि जॅकच्या डोक्यावर गोल नाकाचा दट्ट्या. जॅक चढला की दट्ट्या पट्टीला खालून ढकलत दोन रुळांच्या मधल्या फटीत घुसवायचा आणि पट्टीला घोड्याच्या नालेसारखा आकार यायचा. चांगला जोड अख्खा राहायचा. वाईट जोड फाटायचा.

झुलाल आत पाऊल टाकून नीट बघायला गेला, तर राखणदारानं त्याच्या छातीवर काठी आडवी धरली.

"ए बाबा, काय मोजतोस? चल, व्हय बाहेर."

झुलालनं तेवढ्यात हाताची मूठ दट्ट्याच्या दिशेनं धरून एक डोळा मिटला. साधारण मुठीएवढा. तेवढं मनात धरून तो मागे सरला.

परतीच्या रिक्षात दोघं समोरासमोर बसले होते. बाहेर कापसाच्या वावरांत बाया वाकलेल्या होत्या. ऑक्टोबरचं ऊन रिक्षाच्या ताडपत्रीतून तापत होतं. दिपमालाच्या मांडीवर ती फाटकी पट्टी होती आणि ती अंगठ्यानं फाटलेली कड चाचपत होती.

"आपन घरीच बनाडसूत ती मशीन," झुलाल म्हणाला.

"येई का आपले बनाडता, आबा?"

"लोखंडनीच शे ना? आजलगून लोखंडनं काय नही बनाडं मी?"

ते खरंच होतं. चोपड्याच्या रस्त्याला गावाबाहेर त्याचं पत्र्याचं शेड होतं. फाटकं, खाटा, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, केळीच्या घडांच्या गाड्या, सगळं तिथं व्हायचं. पुढं त्याच्या हाताखाली मुलगा कुंदन तयार झाला. मग कुंदन कापसाच्या एका जिनिंगच्या छपराच्या लोखंडी कैच्या जोडताना खाली पडला. कमरेखालचं अंग गेलं. वर्ष होऊन गेलं, तो घरातल्या मागच्या खोलीत खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडून होता. झुलालच्या डोळ्यांना तोवर वेल्डिंगचा उजेड सोसेनासा झाला होता. तेव्हा दिपमालानं, जी आधी नुसती पट्ट्या धरायला उभी राहायची, नवऱ्याचं हेल्मेट डोक्यावर चढवलं. पहिले काही महिने तिच्या हाताचे जोड गोगलगाईच्या वाटेसारखे वेडेवाकडे यायचे. मग सुधारले. गावात लोक शेडसमोर गाडी थांबवून बघायचे. आता कुणी थांबत नव्हतं, कारण या साली अवकाळीनं केळी आडवी केली आणि फाटकं करून घ्यायची ऐपत कुणाची राहिली नाही. शेड दिवसदिवस गप्प असायचं. नदीवरून वर पाणी नेणाऱ्या, माणूस आत शिरेल एवढ्या नळाचं हे काम घराजवळचं होतं आणि दीर्घ मुदतीचं होतं. त्या कामावर दिपमाला लागली, तर कुंदनला सोडून कुठं जावं लागणार नव्हतं.

झुलाल दुसऱ्या दिवशी भंगारवाल्याकडे गेला. त्याच्याकडून जुन्या पुलाच्या कामातला जाड बीम आणला, दोन चॅनेलं आणली. बीम कापायला सकाळ गेली. गॅस कटरच्या ठिणग्या पायावर उडायच्या, झुलाल पाय झटकायचा आणि परत वाकायचा. दुपारी चौकट उभी करताना चॅनेल हातातून निसटलं आणि त्याच्या पायाच्या अंगठ्यावर बसलं. नख लगेच काळं पडलं. दिपमालानं चिंधी आणली.

"बसा जरासं, आबा."

"बठीसन काय व्हई? धर ते, गुण्या लाव."

तिनं काटकोन बघायला गुण्या लावला. चौकट ओळंब्यात आली. तिनं टाके मारले, मग पूर्ण वेल्डिंग केलं. वरच्या बीमला तिनं लांबट भोकं पाडली, म्हणजे दोन्ही रूळ बोल्ट सैल करून मागेपुढे सरकवता येतील. रुळांसाठी जुन्या पाणबुडी मोटारचे शाफ्ट निघाले. खाली ट्रकचा जॅक बसवला. तो एका ड्रायव्हरनं फुकट दिला होता, कारण तो तेल गाळत होता. झुलालनं त्याचं वायसर बदललं.

राहिला दट्ट्या. भंगाराच्या ढिगात ट्रॉलीच्या जोडाची एक पिन सापडली. झुलालनं तिच्यावर मूठ धरून पाहिली. मुठीपेक्षा किंचित जाड. दिपमाला म्हणाली, "तठला दट्ट्या बारीक वाटे मले."

"लांबथीन बारीकच वाटस. अन् जाड शे तं मजबूत शे. वाकाव नही."

तिनं मान हलवली. लोखंडाच्या बाबतीत ती सासऱ्याशी वाद घालत नसे. पिन अर्धी कापून तिचं नाक ग्राइंडरनं गोल केलं, जॅकच्या डोक्यावर बसवलं, आणि दट्ट्याच्या मानानं रूळ सरकवून बोल्ट आवळले.

मशीन तयार झाल्याचं कळलं तेव्हा कुंदननं मागच्या खोलीतून हाक मारली. कित्येक महिन्यांत त्यानं स्वतःहून कुणाला हाक मारली नव्हती.

"मनं खाटलं शेडमा लई चाला. मले देखनं शे."

झुलाल आणि पुष्पाबाई, म्हणजे कुंदनची आई, यांनी खाट उचलली. मधे उंबरठ्यावर खाट अडकली. पुष्पाबाईला दम लागला, तिनं खाट टेकवली, कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि परत उचलली. उजेडात आल्यावर कुंदननं डोळे मिटून घेतले. त्याची दाढी वाढलेली होती, आणि उन्हात त्याचे हात घरात वाढलेल्या रोपासारखे पांढरे दिसत होते.

दिपमालानं दोन लोखंडी पाट्या उभ्या जोडल्या, गार झाल्यावर त्यांच्यातून पट्ट्या कापल्या, जोडाचा फुगवटा घासून सपाट केला आणि एक पट्टी दट्ट्यावर आडवी ठेवली. झुलालनं जॅकचा दांडा हाणायला सुरुवात केली. पट्टी रुळांना लागली. कुरकुरली. वाकायला लागली. दिपमाला तोंडात रुमालाचं टोक धरून वाकून बघत होती.

"चढू द्या, आबा, चढू द्या," कुंदन मान उचलून म्हणत होता.

पट्टी नालेसारखी वाकली. दिपमालानं ती काढून उन्हात धरली, जोडावरून नख फिरवलं. एक चीर नव्हती. तिनं दुसरी ठेवली, जोडाची मुळाकडची, म्हणजे पहिला थर बसतो ती बाजू वर करून. तीही अख्खी राहिली.

"बठ्ठ्या पास!" कुंदन म्हणाला आणि हसला. दिपमालानं ती वाकून तापलेली पट्टी त्याच्या पोटावर ठेवली, तो ओरडला, आणि ती इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. पुष्पाबाई पदरानं डोळे पुसत घरात गेली. झुलाल जॅकचा दांडा धरून उभा राहिला. आपल्या अंगात एवढं बळ शिल्लक आहे, याचं त्याला नवल वाटलं.

त्यानंतर रोज दिपमाला पट्ट्या करायची आणि रोज त्या अख्ख्या राहायच्या. कुंदनची खाट शेडमध्येच राहिली. तो तिथून सांगायचा, "काडी जराखी खाली धर," "आते थांब, गार व्हऊ दे." त्यानं दाढी करून घेतली. तो पोटभर जेवायला लागला. वाकलेल्या पट्ट्या दिपमालानं शेडच्या तारेवर ओळीनं अडकवल्या होत्या आणि वारा आला की त्या एकमेकींवर वाजायच्या.

दिवाळी झाली. टेस्टला आठवडा राहिला असताना झुलाल वेल्डिंगच्या काड्या घ्यायला चोपड्याला गेला. दुकानात धनसिंग पावरा सर भेटले. ते सरकारी शाळेत मुलांना वेल्डिंग शिकवायचे, कुंदन त्यांच्याकडेच शिकलेला. झुलालनं मोठ्या हौसेनं मशीनचं सांगितलं. सरांनीही मन लावून ऐकलं.

"दट्ट्या केवढा घेतला, झुलालभाऊ?"

झुलालनं बोटांनी दाखवलं. सरांनी त्याच्या बोटांकडे पाहिलं, मग काउंटरवरचा एक लोखंडी तुकडा उचलून त्याच्यासमोर धरला.

"पट्टी जेवढी जाड, तिच्या चौपट दट्ट्या. तुमच्या पट्टीला हा एवढा. तुम्ही दाखवता तो फार जाड आहे."

"जाड चालत नही का?"

"जाड असला की पट्टी ऐसपैस वाकते. जोडावर ताणच येत नाही. कच्चा जोडही पास होतो त्यात." झुलालच्या तोंडाकडे बघून सरांनी आवाज खाली आणला. "बदलून घ्या. आठवडा आहे अजून. सूनबाई करेल."

झुलालनं तिथल्याच लेथवाल्या हारुनभाईकडून बारीक दट्ट्या कातून घेतला. तो पिशवीत तळाशी ठेवून वर काड्यांचे पुडे ठेवले. येताना गाडीत त्याला सारखं वाटत होतं की आपण घरी जाऊन लगेच सांगायचं. दोन वाक्यांचं तर काम. चूक झाली, दट्ट्या बदलू.

घरी आला तेव्हा दिपमाला आणि पुष्पाबाई धुरपदाबाईंच्या वावरात कापूस वेचायला गेल्या होत्या. कुंदन खाटेवर झोपला होता, तोंडावर टॉवेल घेऊन. झुलालनं आवाज न करता बोल्ट सैल केले, रूळ जवळ आणले, बारीक दट्ट्या बसवला. तारेवरच्या पट्ट्या वाकलेल्या होत्या, त्या कामाच्या नव्हत्या. कोपऱ्यात उद्यासाठी घासून ठेवलेल्या नव्या पट्ट्या होत्या. त्यानं एक घेतली, मुळाची बाजू वर केली आणि जॅक हाणायला लागला. हळूहळू, दांडा वाजू न देता.

पट्टी वाकायला लागली. त्यानं मनात म्हटलं, राहील. पोरीचा हात बसलाय आता.

टक्.

तोच बारीक आवाज. चीर सुरुवातीला केसाएवढी होती. त्यानं अजून एकदा दांडा दाबला, तशी ती जोडाच्या लांबीनं पसरली आणि आतली मळी दिसली. काळी, काचेसारखी. वेल्डिंग करताना वितळून वर यायची ती मळी मुळाशीच अडकून राहिली होती.

त्यानं दुसरी पट्टी घेतली. तीही फुटली.

"आबा?" कुंदननं टॉवेल काढला. "काय करी ऱ्हायनात?"

झुलाल चौकट झाकत तिच्यासमोर उभा राहिला. "जॅकले तेल दी ऱ्हायनू."

"तिना हात आते मना हातपेक्षा भारी व्हयना, आबा," कुंदन छताकडे बघत म्हणाला. "मी पडनू तव्हय वाटे, मनामुळे बठ्ठं घर पडनं. आते तसं वाटत नही."

झुलालनं फुटलेल्या पट्ट्या सदऱ्याच्या आत घातल्या. त्या गरम होत्या, पोटाला चटका बसला. तो तसाच उभा राहिला. कुंदन परत झोपी गेल्यावर त्यानं बारीक दट्ट्या काढला, रूळ पूर्वीच्या जागी सरकवले आणि जाड दट्ट्या बसवून बोल्ट आवळले. बारीक दट्ट्या आणि फुटलेल्या पट्ट्या त्यानं शेडमागच्या एरंडीत पुरल्या.

संध्याकाळी दिपमाला आली. बोंडांच्या काट्यांनी तिची बोटं ओरबाडली होती. तरी हातपाय धुऊन ती सरळ शेडमध्ये गेली. दोन पट्ट्या कमी दिसल्या तेव्हा तिनं विचारलं.

"वाकाडी देख्यात मी," झुलाल म्हणाला.

"मंग?"

सगळं त्या एका शब्दावर येऊन थांबलं होतं. ती कमरेला पदर खोचून उभी होती, गालावर कापसाचा तंतू चिकटलेला. खाटेवरून कुंदन तिच्याकडे बघत होता.

"चांगल्या वाकन्यात," झुलाल म्हणाला.

नंतर रोज त्यानं ठरवलं की आज सांगू. रोज ती जॅक हाणायला त्याला बोलवायची, पट्टी अख्खी निघायची, कुंदन टाळी द्यायला हात पुढं करायचा. एकदा झुलाल म्हणाला, "मुळाशी मळी ऱ्हास, माय. जराखं जास्त घसत जाय." दिपमालानं वाकलेली पट्टी त्याच्यापुढं धरली. "कोठे शे मळी, आबा? देखा ना." झुलालनं पट्टी तिच्या हातातून घेऊन तारेवर अडकवली. उद्या सांगू म्हणता म्हणता सांगण्याचे दिवस संपत गेले. मग त्याला वाटायला लागलं की आता सांगून उपयोग तरी काय, उलट हात कापतील तिचे. आणि मग तो नुसता देवाला हात जोडायला लागला, की त्या दिवशी तिचा हात एकदा नीट चालू दे.

टेस्टच्या सकाळी धुकं होतं. पुष्पाबाईनं दिपमालाच्या हातावर दही ठेवलं. कंत्राटदाराच्या शेडमध्ये या खेपेला राखणदारानं झुलालला अडवलं नाही. "या बाबा, बसा," म्हणाला आणि स्टूल दिलं. झुलाल बसला नाही.

दिपमालानं पाट्या जोडल्या. हात शांत होता, आर्कचा आवाज एकसारखा, गोधडीला टाका घालावा तसा जोड वर चढत गेला. मागच्या वेळी हसलेले दोघे-तिघे गप्प बघत होते. पट्ट्या कापल्या, घासल्या. पहिली वाकली, अख्खी राहिली. हितेंद्र साहेबांनी भिंगातून पाहून मान हलवली. दिपमालानं वळून सासऱ्याकडे पाहिलं आणि हसली.

दुसरी पट्टी मुळाची बाजू वर करून ठेवली. झुलालनं डोळे मिटले. आवाज त्याला ओळखू आला.

साहेबांनी चिरेवर भिंग धरलं. "फार थोडक्यात, ताई," ते म्हणाले. "तांदळाच्या दाण्याएवढी चीर असती तर सोडली असती. मुळाशी मळी राहते तुमची. पहिला थर झाला की तो घासून उजळवायचा, मग दुसरा चढवायचा. एवढीच खोट आहे."

"परत टेस्ट कधी, साहेब?"

"आता माणसं पुरली. पुढचा टप्पा कधी निघेल, मलाच माहीत नाही. मी तुम्हाला खोटं सांगत नाही."

दिपमाला हो म्हणाली. हेल्मेट पिशवीत घातलं आणि बाहेर आली.

फाट्यावर रिक्षा नव्हती. लिंबाच्या झाडाखाली दोघं थांबले. ती पट्टीकडेच बघत होती.

"घरी एक बी फुटनी नही, आबा. एक बी नही. मंग आठेच काबर?"

"दट्ट्या जाड व्हता, माय."

"कोनता?"

"आपला. पाहिजे तेनापेक्षा जाड. पावरा सर भेटना, त्यानी सांगं."

तिनं हातातली पट्टी खाली केली. "कधी भेटनात सर?"

"आठवडा व्हयना."

रस्त्यावरून केळीचा ट्रक गेला. धूळ दोघांच्या अंगावर आली. तिनं ती झटकली नाही.

"तुम्हले आठवडाथीन माहीत व्हतं."

"हां."

"मी घसी लेतू, आबा. इतलंच तं व्हतं. पहिला थर घसना व्हता. आठ दिवसमा मी घसाले शिकी लेतू." तिचा आवाज चढला नाही. "काबर नही सांगं?"

कुंदन हसायला लागला होता म्हणून, असं त्याच्या तोंडावर आलं. पण तो आपल्या काळ्या पडलेल्या नखाकडे बघत राहिला. ती थोडं लांब जाऊन, पाठ करून उभी राहिली. रिक्षा आली तेव्हा ती ड्रायव्हरशेजारी बसली.

घर आलं तसं शेडमधून कुंदनचा आवाज आला. त्यानं गाडी ओळखली होती. पुष्पाबाईनं त्याला पाठीमागं उशा लावून बसवलं होतं. अंगावर धुतलेला शर्ट होता.

"व्हयनी का पास?"

दिपमाला त्याच्यासमोर उभी राहिली. झुलाल तिच्या मागं होता, त्याला तिची नुसती पाठ दिसत होती. ती पाठ एकदा वर झाली, खाली झाली.

"व्हयनू," ती म्हणाली.

"दोन्ही पट्ट्या?"

"दोन्ही."

"मी सांगं नव्हतं!" कुंदननं खाटेच्या पाटीवर मूठ आपटली. "आबा, काय म्हने साहेब? कधीपासून बलावं?"

दिपमालानं मान वळवून सासऱ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. आता तुम्ही बोला, एवढंच होतं. आठवडाभर जे त्यानं एकट्यानं ओढलं, त्याचं दुसरं टोक तिनं उचललं होतं आणि त्याला ते खाली ठेवायची मुभा नव्हती.

"सांगाडतस म्हने," झुलाल म्हणाला. "काम सुरू व्हयनं की सांगाडतस."

"तिले बूट लागतीन, आबा. जाड तळवाना. चपलावर जाऊ देऊ नका तिले. अन् नळमा वाकीसन काम ऱ्हास, मान भरी येस, मी सांगसू कसं बठनं..." कुंदन बोलत सुटला. दिपमाला खाटेच्या कडेवर बसून हां हां म्हणत होती आणि त्याच्या अंगावरची चादर सरळ करत होती.

पुष्पाबाईनं घरातून साखरेची वाटी आणली. तिघांच्या हातावर चिमूट चिमूट ठेवली. मग डोक्यावर पदर घेतला.

"धुरपदाबाईले सांगी येस," ती म्हणाली. "तिनं वावरमा बठ्ठ्या बायासले सांगेल व्हतं, झुलालनी सून काय पास व्हनार शे म्हनीसन."

ती वाटी घेऊन निघाली. गुडघे दुखायचे तरी भरभर चालत होती. हाक मारायला झुलाल शेडच्या दारापर्यंत गेला. तोंडातली साखर विरघळत होती. पुष्पाबाई पहिल्याच घराशी थांबली, ओट्यावरच्या बाईच्या हातावर साखर ठेवली, काहीतरी सांगितलं, आणि ती बाई उठून उभी राहिली. मग पुष्पाबाई पुढच्या घराकडे वळली.

झुलाल दाराच्या खांबाला धरून बघत राहिला.